न कळलेल्याचा हिशेब



ही व्याख्यानमाला भौतिकशास्त्राच्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. म्हणून आज मी भौतिकशास्त्रच बोलणार आहे, आणि ते पाणी घालून पातळ न करता बोलणार आहे. विषय आहे ‘इफेक्टिव्ह फील्ड थिअरी’. गेल्या पन्नास वर्षांत मूलभूत भौतिकीची विचार करण्याची रीतच ज्या एका कल्पनेनं बदलली, ती ही कल्पना. तिच्याविषयी मराठीत फारसं बोललं जात नाही, याची मला खंत आहे.

सुरुवात घरच्या पाण्यापासून करतो. आपला जिल्हा तलावांचा. नवेगावबांधचा तलाव असो, नाहीतर गावोगावचे माजी मालगुजारी तलाव आणि शेताशेतातल्या बोड्या, म्हणजे लहान तळी, असोत. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी उतार पाहिला, पाळ घातली, सांडव्याची उंची ठरवली आणि पाणी धानाच्या बांध्यांपर्यंत पोहोचवलं. त्यांच्यापैकी कोणालाही पाण्याचा रेणू ठाऊक नव्हता. तरी त्यांचं पाण्याचं ज्ञान खोटं ठरलं नाही. पुढे १८२२ मध्ये फ्रान्समध्ये नाव्हिए यांनी आणि १८४५ मध्ये इंग्लंडात स्टोक्स यांनी प्रवाही पदार्थांची समीकरणं मांडली, तीही रेणूंचा पुरावा हाती नसताना. अणुरेणू खरोखरच आहेत हे शास्त्रज्ञांच्या गळी उतरलं ते आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या लेखानंतर आणि झाँ पेरँ यांच्या प्रयोगांनंतर. म्हणजे समीकरण आधी आलं आणि त्याच्या पोटातली वस्तू ऐंशी-नव्वद वर्षांनी. रेणू सापडल्यावर ते समीकरण रद्द झालं नाही. आजही कालवा त्याच समीकरणांवर खोदला जातो.

असं का व्हावं? निसर्गाच्या खालच्या थरात काय चाललं आहे हे न कळताही वरच्या थराचं ज्ञान बिनचूक कसं राहतं? आणि ते कुठवर बिनचूक राहील, हे आधी सांगता येईल का? दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. माझं आजचं म्हणणं त्याच्याभोवती आहे.

तलावावर वारा सुटला की लाट उठते. उचललेलं पाणी पुन्हा खाली आणणाऱ्या गोष्टी दोन: एक गुरुत्वाकर्षण, दुसरा पृष्ठताण. खोल पाण्यावरच्या लाटेची लांबी आणि तिच्या आंदोलनांचा वेग यांचं नातं, दोन्ही गोष्टी धरून, १८७१ मध्ये विल्यम थॉमसन यांनी मांडलं. हेच पुढे लॉर्ड केल्विन झाले. त्या सूत्रात दोन पदं आहेत. लाटेची लांबी दसपट कमी केली, की पृष्ठताणाच्या पदाचा वाटा शंभरपट वाढतो. मीटरभर लांबीच्या लाटेत पृष्ठताणाचा वाटा दहा हजारांत सुमारे तीन. दहा सेंटिमीटरच्या लाटेत तो शेकडा तीनच्या आसपास. १.७ सेंटिमीटरला दोन्ही पदं बरोबरीला येतात, आणि त्याहून बारीक लहरींवर पृष्ठताणाचं राज्य चालतं.

या चार ओळींत आजच्या विषयाचा गाभा आला आहे, म्हणून इथे जरा थांबतो. पृष्ठताण रेणूंच्या आपसातल्या ओढीतून येतो. पण त्याचा आकडा हवा असेल तर रेणूंचं गणित सोडवावं लागत नाही, तो टेबलावर मोजता येतो. रेणूंविषयी आपल्याला जे जे ठाऊक नाही, त्यातलं या लाटांच्या कामाचं तेवढं सगळं त्या एका आकड्यात येऊन बसतं. आणि पृष्ठताण मुळीच न धरणाऱ्या माणसालाही सांगता येतं, की मीटरभराच्या लाटेत तुझी चूक दहा हजारांत तीनाची होईल, बोटभर लहरीत मात्र तुझा हिशेबच कोसळेल. न धरलेल्या गोष्टीची किंमत आधीच कळणं, हे इफेक्टिव्ह सिद्धांताचं खरं बळ आहे.

रीत अशी. ज्या लांबीच्या किंवा ज्या ऊर्जेच्या घटना अभ्यासायच्या, ती पट्टी ठरवायची. त्या पट्टीवर दिसणाऱ्या वस्तूंची सममिती, म्हणजे कोणत्या बदलांनी नियम बदलत नाहीत, ते ओळखायचं. त्या सममितीला चालतील अशी सगळी पदं लिहायची, एकही आपल्या आवडीनं न गाळता. मग आपली पट्टी आणि खालच्या, न दिसणाऱ्या थराची पट्टी यांच्या गुणोत्तराच्या चढत्या घातांनी ती पदं क्रमानं लावायची आणि जेवढी अचूकता हवी तिथे थांबायचं. प्रत्येक पदापुढचा आकडा प्रयोगातून घ्यायचा. कोणत्या पदांना हरकत नाही हे सममिती सांगते, कोणत्या पदांची गरज नाही हे गुणोत्तर सांगतं.

मूलकणांच्या जगात या रीतीचा पहिला मोठा नमुना एन्रिको फर्मी यांनी दिला. न्यूट्रॉन फुटून प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि एक प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतो, त्याला बीटा ऱ्हास म्हणतात. १९३३-३४ मध्ये फर्मी यांनी मांडलं, की हे चार कण एकाच बिंदूत एकमेकांना भेटतात, आणि त्या भेटीचं बळ एका स्थिरांकानं ठरतं. त्या बिंदूच्या आत काय घडतं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगण्याची गरजही नव्हती. भेटीचं नेमकं रूप पुढे १९५७ मध्ये ई. सी. जी. सुदर्शन आणि रॉबर्ट मार्शक यांनी ठरवलं. सुदर्शन केरळचे, पण अमेरिकेत जाण्याआधी ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, काम करत होते.

फर्मींच्या स्थिरांकाकडे नीट पाहा. तो नुसता आकडा नाही, त्याला एकक आहे: ऊर्जेच्या वर्गाचा व्यस्त. त्याचं वर्गमूळ काढून उलटवलं की सुमारे ३०० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ही ऊर्जा मिळते. बीटा ऱ्हासातल्या ऊर्जा काही दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या, म्हणून तिथे फर्मींचं सूत्र चोख चालतं. पण कणांची टक्कर शेकडो अब्जांच्या ऊर्जेची केली, तर तेच सूत्र शंभर टक्क्यांहून जास्त संभाव्यता देऊ लागतं. सिद्धांत स्वतःच सांगत होता, की या मर्यादेच्या आत कुठेतरी काहीतरी नवं निघालंच पाहिजे. १९८३ मध्ये जिनिव्हाजवळ सर्न इथे ते निघालं: डब्ल्यू बोसॉन, वस्तुमान सुमारे ८० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट. फर्मी यांच्या लेखानंतर पन्नास वर्षांनी. आपण कुठे मोडणार हे ज्या सिद्धांतानं पन्नास वर्षं आधी सांगून ठेवलं, तो मोडला तेव्हा हरला असं मी म्हणणार नाही. बीटा ऱ्हासाचं गणित आजही फर्मींच्याच रूपात सुरू होतं.

पण मधली काही दशकं अशा सिद्धांतांना कमी लेखलं जाई. १९४० च्या दशकात टोमोनागा, श्विंगर आणि फाइनमन यांनी प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांचा क्वांटम सिद्धांत अनंत आकड्यांच्या जंजाळातून सोडवला. त्यांच्या पद्धतीत मोजके आकडे प्रयोगातून घेतले की पुढचं सगळं गणित सांत राहतं. फर्मींच्या सिद्धांतात तसं होत नाही. प्रत्येक पायरीला नवी पदं, नवे आकडे लागतात. म्हणून तो कामचलाऊ ठरला. ही समजूत केनेथ विल्सन यांच्या कामानं पालटली. १९७१ पासून त्यांनी दाखवलं, की सूक्ष्म लांबीचे तपशील पायरीपायरीनं मिटवत मोठ्या पट्टीकडे आलं, की बहुतेक तपशील आपोआप पुसट होतात आणि थोडेच आकडे उरतात. पाणी उकळताना जिथे द्रव आणि वाफ यांतला भेदच संपतो तो क्रांतिक बिंदू, आणि काही विशिष्ट चुंबकांचं चुंबकत्व जिथे नाहीसं होतं ते तापमान, या वरवर वेगळ्या घटनांचे घातांक एकाच कुळातले का निघतात, याचं उत्तर त्यातून मिळालं. १९८२ चं नोबेल त्यांना मिळालं ते याच कामासाठी.

मग स्टीव्हन वाइनबर्ग. १९७९ च्या एका लेखात त्यांनी म्हटलं, की सममितीला चालणारी सगळी पदं लिहिली तर त्यातून जे निघेल ते क्वांटम तत्त्वं आणि ती सममिती यांच्याशी सुसंगत असलेलं सर्वांत व्यापक उत्तर असेल. त्यात वेगळं गृहीतक काही शिल्लक राहत नाही. प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या आत असलेल्या क्वार्कांचं समीकरण कमी ऊर्जेला हातानं सोडवता येत नाही. पण पायॉन हे हलके कण क्वार्कांच्या एका सममितीमुळे हलके आहेत, तेव्हा त्या सममितीच्या आधारानं पायॉनांचा सिद्धांत थेट लिहिता येतो. गासर आणि लॉयटव्हायलर यांनी १९८४ मध्ये त्याची पुढची पायरी पूर्ण मांडली, आणि १९९० पासून वाइनबर्ग यांनीच ही रीत अणुकेंद्रातल्या बलांना लावली.

इथे एका मराठी माणसाची आठवण काढणं मला आवश्यक वाटतं. प्रा. भालचंद्र उदगावकर यांना महाराष्ट्र विज्ञानशिक्षणासाठी ओळखतो. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामागे त्यांची प्रेरणा होती, मराठी विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष होते. पण ते आधी टीआयएफआरमधले कणभौतिकीचे सैद्धांतिक संशोधक होते. १९६२ मध्ये उच्च ऊर्जेच्या टकरींविषयीचे त्यांचे लेख प्रसिद्ध झाले, त्यांपैकी एक मरे गेल-मान यांच्यासोबत. त्या काळचा एक प्रबळ विचार असा, की कणांच्या आत काय आहे ते विचारू नका. आत काय गेलं आणि बाहेर काय आलं, एवढ्यावर सर्वसाधारण तत्त्वं लावा आणि उत्तर काढा. क्वार्क आले आणि तो विचार मागे पडला. वाइनबर्ग यांच्या १९७९ च्या लेखाकडे पाहताना मात्र मला वाटतं, की त्या पिढीला जे हवं होतं ते वेगळ्या वाटेनं मिळालं. आतलं न विचारता बाहेरचं सर्वांत व्यापक वर्णन, आणि तेही पायरीपायरीनं सुधारता येणारं.

आता सर्वांत धाडसाचं पाऊल. आज आपल्याला माहीत असलेल्या सगळ्या कणांचा जो प्रमाणित सिद्धांत आहे, स्टँडर्ड मॉडेल, तोही इफेक्टिव्हच मानला तर? म्हणजे त्याच्याखाली आणखी थर आहे आणि आपण त्याच्या वरच्या पाण्यावर आहोत, असं धरलं तर? मग नेमानं पुढची पदं लिहायची. सर्वांत पहिल्या पायरीवर सममिती एकाच प्रकारच्या पदाला परवानगी देते, हे वाइनबर्ग यांनी त्याच १९७९ सालात दाखवलं. ते पद न्यूट्रिनोला वस्तुमान देतं. मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज क्षेत्राची पट्टी २४६ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट. तिचा वर्ग करून खालच्या थराच्या ऊर्जेनं भागायचं. खालचा थर फार दूर असेल तर वस्तुमान अगदी नगण्य येईल.

१९९८ मध्ये जपानमधल्या सुपर-कामिओकांडे प्रयोगानं वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंचं रूपांतर दाखवलं आणि न्यूट्रिनोला वस्तुमान आहे हे सिद्ध झालं. त्या मोजमापातून निघणारी वस्तुमानाची पट्टी एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या सुमारे एक कोटी पट हलकी. वरचा भागाकार उलटा केला, तर खालच्या थराची ऊर्जा १० चा १५ वा घात इतके अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट निघते. जगातल्या सर्वांत मोठ्या यंत्रातल्या टकरींच्या सुमारे सत्तर अब्ज पट. न्यूट्रिनोचं वस्तुमान याच पदातून येतं असं अजून सिद्ध झालेलं नाही, आणि पदापुढचा आकडा एकाच्या जवळपास असेल हे मी धरून चाललो आहे. तरीही विचार करा: जिथे कोणतंही यंत्र पोहोचणार नाही, तिथला निरोप एका हलक्या कणाच्या वस्तुमानातून वाचता येण्याची शक्यता उभी राहते.

वातावरणातले हे न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा पाहिले गेले ते १९६५ मध्ये, आणि ज्या दोन ठिकाणी ते दिसले त्यांतलं एक आपल्या देशात आहे: कर्नाटकातली कोलार सोन्याची खाण. टीआयएफआरचे शास्त्रज्ञ जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल उपकरणं घेऊन उतरले होते. पुढे १९८० च्या दशकात त्याच खाणीत प्रोटॉन फुटतो का याचा शोध घेतला गेला. प्रोटॉन फोडणारी पदं आपल्या यादीत न्यूट्रिनोच्या पदानंतरच्या पायरीवर येतात. प्रोटॉन फुटल्याचा निर्विवाद पुरावा आजवर कुठेही मिळालेला नाही. सुपर-कामिओकांडेनं एका मुख्य प्रकारच्या ऱ्हासासाठी प्रोटॉनचं आयुष्य १० चा ३४ वा घात इतक्या वर्षांहून जास्त असल्याचं दाखवलं आहे. न दिसणं हेही मोजमाप असतं. त्या पदाचा आकडा याहून मोठा नाही, असं ते सांगतं. कोलारच्या अंधारात वर्षानुवर्षं बसलेल्या माणसांच्या कामाचं मोल मला याच हिशेबानं करावंसं वाटतं.

त्या दुसऱ्या पायरीवर पदं तरी किती? १९८६ मध्ये बुखम्युलर आणि वायलर यांनी यादी केली तेव्हा ती ८० ची होती. त्यातली काही एकमेकांतूनच निघतात हे लक्षात येत गेलं, आणि २०१० मध्ये चार पोलिश संशोधकांनी ती ५९ वर आणली, प्रोटॉन फोडणारी पदं वेगळी ठेवून. कणांच्या तिन्ही पिढ्या मोजल्या तर आकडे होतात २,४९९. सर्नमधले प्रयोग आज एकेका आकड्याला मर्यादा घालत आहेत, आणि त्यांत टीआयएफआरसह भारतीय संस्थांचे गटही आहेत.

मुंबईतलंच आणखी एक काम सांगतो, कारण ते पाण्याकडे परत नेतं. डिसेंबर २००७ मध्ये सायंतनी भट्टाचार्य, वेरोनिका हुबेनी, शिराझ मिनवाला आणि मुकुंद रंगमणी यांचा एक लेख आला. भट्टाचार्य आणि मिनवाला तेव्हा टीआयएफआरमध्ये होते. पाच मितींच्या एका विशिष्ट विश्वातलं कृष्णविवर घ्या, त्याच्या पृष्ठावर लांब लांब तरंग उठवा. आइन्स्टाइनची समीकरणं त्या तरंगांसाठी जे सांगतात, ते चार मितींतल्या सापेक्षतावादी नाव्हिए-स्टोक्स समीकरणांशी तंतोतंत जुळतं. लेखकांनी पुढच्या पायरीची पदंही त्यांच्या आकड्यांसह काढली. एरवी जे आकडे मोजूनच घ्यावे लागतात, ते इथे गुरुत्वाकर्षणाच्या गणितातून निघाले.

कोणी विचारेल, मग खरं काय, खालचं की वरचं? यावरून मोठे वाद झाले आहेत. १९७२ मध्ये फिलिप अँडरसन यांनी ठासून मांडलं, की संख्या वाढली की नवे नियम जन्मतात, आणि ते खालच्या नियमांइतकेच मूलभूत असतात. अमेरिकेतल्या महाकाय कण-त्वरकाच्या प्रकल्पाच्या वेळी वाइनबर्ग त्या यंत्राच्या बाजूनं उभे राहिले आणि अँडरसन विरोधात. १९९३ मध्ये तो प्रकल्प रद्द झाला. मला स्वतःला वाटतं, की इफेक्टिव्ह सिद्धांतानं दोघांनाही अर्धा न्याय दिला. खालचा थर वरच्याचे आकडे ठरवतो, पण वरच्याचं रूप ठरवायला सममिती पुरते. म्हणून इथल्या कॉलेजात धानाच्या राशीचा उतार किंवा बोडीतल्या गाळाचं बसणं अभ्यासणारा विद्यार्थी दुय्यम भौतिकशास्त्र करत नाही. त्याच्या पट्टीवर त्याच्या नियमांना कोणाच्या परवानगीची गरज नाही.

हीच रीत आकाशातही चालते. महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांतून गुरुत्वीय लहरींचं मोजमाप. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात तेव्हा त्यांना प्रथम बिंदू मानून चालतं. गोल्डबर्गर आणि रॉथस्टाइन यांनी २००४ नंतर या गणिताला इफेक्टिव्ह सिद्धांताचं रूप दिलं. ताऱ्याला आकारमान आहे, जोडीदाराच्या ओढीनं तो ताणला जातो, ही गोष्ट वेग आणि प्रकाशवेग यांच्या गुणोत्तराच्या दहाव्या घाताला येते. इतकं मागचं पद कधी दिसेल का? दिसतं, कारण न्यूट्रॉन ताऱ्यासाठी त्याच्यापुढचा आकडा हजारोंचा आहे. १७ ऑगस्ट २०१७ ला पकडलेल्या लहरींतून त्याला मर्यादा घालता आली, आणि अणुकेंद्राहून दाट द्रव्य किती कडक असावं याचा अंदाज आला. साध्या कृष्णविवरासाठी हाच आकडा शून्य येतो.

एवढं यश सांगितल्यावर ही रीत कुठे अडली आहे तेही सांगितलं पाहिजे. पदांपुढचे आकडे खालच्या थराच्या पट्टीशी मेळ खातील, अशी अपेक्षा असते. ती अनेकदा खरी ठरली. १९७४ मध्ये मेरी गेलार्ड आणि बेंजामिन ली यांनी के-मेसॉनच्या मोजमापांवरून चार्म क्वार्कचं वस्तुमान सुमारे दीड अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल असं काढलं, आणि त्याच नोव्हेंबरात तो क्वार्क असलेला कण सापडला. हाच विचार हिग्ज कणाला लावला, तर त्याच्या वस्तुमानाच्या फार वर न जाता नवे कण दिसायला हवे होते. पुण्यात जन्मलेल्या, एस. पी. कॉलेजात शिकलेल्या प्रा. रोहिणी गोडबोले यांनी आयुष्याचा मोठा भाग याच शोधाला दिला. सुपरसिमेट्री हे त्यावरचं एक देखणं उत्तर, आणि त्यावर मानुएल ड्रेस आणि प्रोबीर रॉय यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला २००४ चा ग्रंथ जगभर वापरला जातो. २०१२ मध्ये हिग्ज सापडला, १२५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टवर. सोबत अपेक्षित असलेले कण आजपर्यंत सापडलेले नाहीत. गोडबोले बाई २०२४ च्या ऑक्टोबरात गेल्या, आणि हा प्रश्न उघडाच आहे.

त्याहून अवघड प्रश्न रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेचा. विश्वाचा प्रसार वाढत्या वेगानं होतो आहे, त्यावरून ही ऊर्जा मोजली गेली आहे. हिशेबानं येणारी ऊर्जा तिच्याहून कितीतरी पट मोठी निघते. यासाठी अज्ञात थरांपर्यंत जायचीही गरज नाही. फक्त इलेक्ट्रॉन घ्या, ज्याचं भौतिकशास्त्र आपण सर्वांत अचूक तपासलं आहे, आणि त्याच्या वस्तुमानाच्या पट्टीनं अंदाज करा. उत्तर मोजलेल्या किमतीच्या १० चा ३३ वा घात इतके पट येतं. फर्मींचा सिद्धांत त्यानं सांगितलेल्या जागीच अडला होता. इथे मात्र गणित अशा जागी अडतं, जिथे आपल्याच नियमाप्रमाणे ते अडायला नको होतं.